गाव नेहमी चढाच्या टोकाला

इटलीतल्या टस्कनीचा नकाशा टेबलावर पसरला की सिएनापासून मोंताल्चिनो बोटभर अंतरावर दिसतं. जवळच्या रस्त्याने जेमतेम चाळीस किलोमीटर. रोज सकाळी पन्नास-साठ किलोमीटर सायकल हाणणारा माणूस मनात हिशेब करतो: दोन तासांत पोचू, कॉफी पिऊ, दुपारी परत. हा हिशेब साफ फसतो. या मुलखात किलोमीटर हे मोजमापच कुचकामी आहे. सिएनाच्या आसपास शंभर किलोमीटरची फेरी आखली की त्यात सहज अठराशे ते दोन हजार मीटर चढाई जमा होते, आणि तीही एका सलग घाटात नाही, तर तीस-चाळीस तुकड्यांत. पन्नास-साठ मीटर चढ, तेवढाच उतार, ओढा, पूल, लगेच पुढचा चढ. इथला दिवस मीटरमध्ये आखावा आणि तासांत मोजावा. हजार मीटर चढाईला साधारण दोन ते अडीच तास धरले, सपाटीचा वेळ वेगळा मिळवला आणि वर एक तास थांबण्याचा ठेवला, तर अंदाज बराच खरा ठरतो.

हे असं का, याचं उत्तर भूगोलात कमी आणि इतिहासात जास्त आहे. टेकड्या तशा बुटक्या. बहुतेक गावं तीनशे ते सहाशे मीटरच्या दरम्यान. पण गाव वसवताना माणसांनी नेमका माथा निवडला, कारण खाली दलदल होती, हिवताप होता आणि रस्त्याने येणारी सैन्यं होती. वर भिंत बांधली की शत्रू तासभर आधी दिसायचा. मोंताल्चिनोचंच बघा. 1555 साली फ्लोरेन्स आणि स्पेनच्या फौजांपुढे सिएना पडलं, तरी सिएनाच्या प्रजासत्ताकाचे उरलेसुरले लोक या गावात जाऊन 1559 पर्यंत तग धरून राहिले. ज्या चढामुळे ते चार वर्षं टिकले, तोच चढ आज सायकलवाल्याच्या मांड्यांना भिडतो. खालचं बुओनकोनव्हेंतो दीडशे मीटरवर, मोंताल्चिनो साडेपाचशेच्या वर, मध्ये चौदा-पंधरा किलोमीटर. सरासरी बघितली तर काहीच नाही. पण रस्ता सरासरीने चढत नाही. मध्ये थोडा उतरतो आणि उतरलेलं सगळं व्याजासकट परत चढायला लावतो.

एका माथ्यावरच्या गावाकडून दुसऱ्या माथ्यावरच्या गावाकडे जाताना रस्ता शक्यतो धारेवरून जातो. बैलगाडीच्या काळात धार कोरडी असायची आणि चिखलात चाक रुतायचं नाही. पण धार कुठेतरी संपतेच. तिथे रस्ता थेट खाली ओढ्यात उडी घेतो आणि समोरच्या टेकडीवर तितक्याच तिरकसपणे चढतो. बारा-पंधरा टक्क्यांचे नामांकित चढ बहुधा अशाच ओढ्यांच्या दोन्ही काठांवर सापडतात. मार्ग आखताना कंटूर रेषा पाहिल्या आणि निळ्या ओढ्यांना रस्ता किती वेळा ओलांडतो ते मोजलं, की दिवस कसा जाणार हे घरबसल्या कळतं.

याला अपवाद आहेत आणि ते कामाचे आहेत. गायोले, ग्रेवे, बुओनकोनव्हेंतो ही गावं खाली, दरीत आहेत. ती मुळात बाजारगावं. वरच्या किल्ल्यांतले लोक धान्य-तेल विकायला खाली उतरायचे. म्हणून तिथे आजही दुकानं जास्त आणि चौक मोठा. ग्रेवेचा तो त्रिकोणी चौक बाजारासाठीच तसा पसरलेला आहे. मुक्कामाची जागा निवडताना बरेच जण फोटो बघून माथ्यावरचं गाव निवडतात आणि मग रोज संध्याकाळी, पाय संपलेले असताना, दोन-तीनशे मीटरचा शेवटचा चढ शिक्षेसारखा भोगतात. त्यापेक्षा बाजारगावात उतरावं. सकाळी ताजे पाय घेऊन वर जायचं, संध्याकाळी घरंगळत घरी. देखावा वर असतो हे खरं, पण तो सायकलवरून दिवसभर दिसतच असतो.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. सिंहगडाचा किंवा वरंध्याचा चढ एकदा सुरू झाला की शरीर एका लयीत बसतं. श्वास लागतो, गिअर ठरतो आणि मग वरपर्यंत तेच. किआंतीत, म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएनामधल्या टेकड्यांत, ती लय कधी बसतच नाही. चार मिनिटं जीव तोडून चढ, तीन मिनिटं उतारावर घाम वाळतो, पुन्हा चार मिनिटं. आधीच्या गतीच्या जोरावर पुढचा चढ निम्मा काढू असं दरवेळी वाटतं आणि ज्याला त्याला ते दरवेळी खरं करून दाखवायचं असतं. अशाने पहिल्या चाळीस किलोमीटरमध्येच पाय गळून जातात. चढाच्या पायथ्याशी गिअर आधीच हलका करावा, मागचे दोन हलके गिअर शिल्लक ठेवून चढावं आणि सुरुवातीचे दोन तास मुद्दाम कमी जोर लावावा.

गिअरचं गणित एकदा आकड्यांत मांडलं की वाद मिटतो. पुढे 34 दात्यांचं चेनरिंग, मागे 34 दात्यांचा मोठा चक्का, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.1 मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग तासाला साडेसात किलोमीटर. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर दहा टक्के चढावर या वेगाला नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी झगडायलाच साधारण 165 वॉट लागतात. पंधरा टक्क्यांवर अडीचशेच्या घरात. टायरचं घर्षण वेगळं. म्हणजे हलक्यात हलका गिअर असूनही साध्या तयारीचा माणूस पंधरा टक्क्यांवर दमणारच. भाड्याची सायकल घेताना मागे 28 दात्यांपर्यंतचीच कॅसेट (चक्क्यांचा संच) असेल तर विनासंकोच बदलून मागावी. 32 किंवा 34 हवीच. दुकानदार हसत नाही. त्याला रस्ते माहीत असतात.

आता पांढरे रस्ते, ज्यांच्यासाठी लोक जगभरातून इथे येतात. स्त्रादे बिआंके म्हणजे चुनखडीच्या बारीक खडीचे, रोलर फिरवलेले कच्चे रस्ते. उन्हात डोळे दिपवतील इतके पांढरे. ते कोणी पर्यटकांसाठी राखलेले नाहीत. मुळात ते शेतांचे रस्ते. इथली शेती शतकानुशतकं अर्धेलीने चाले: जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. दर टेकाडावर एक दगडी घर, त्यात एक कुटुंब आणि त्या घराला जाणारा एक पांढरा रस्ता. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं शहरात आणि कारखान्यांत निघून गेली. 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले. घरं ओस पडली. रिकाम्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर डांबर ओतायला पैसे कोण घालणार? दारिद्र्याने ते रस्ते वाचले. पुढे त्याच घरांत हॉटेलं झाली, द्राक्षमळे सोन्याच्या भावाचे झाले आणि मग डांबराची मागणी सुरू झाली. त्या वेळी गायोलेच्या जानकार्लो ब्रोच्चीने 1997 साली लेरोइका नावाची सायकलफेरी भरवली. जुन्या सायकली, जुने कपडे, पांढरे रस्ते. पहिल्या वर्षी 92 जण आले. आज ऑक्टोबरमध्ये त्या चिमुकल्या गावात हजारो येतात, आणि रस्ता पांढरा ठेवण्यातच कमाई आहे हे पंचायतीला समजावून सांगावं लागत नाही.

लेरोइकाच्या मोठ्या फेरीचा 209 किलोमीटरचा मार्ग तपकिरी पाट्यांनी कायमचा आखलेला आहे. वर्षभरात कधीही, कुणीही चालवावा. एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र फार थोड्यांनी करावा. त्यात साडेतीन हजार मीटरहून जास्त चढाई आहे आणि निम्म्याच्या आसपास रस्ता कच्चा. तीन दिवसांत, मध्ये मोंताल्चिनो आणि अशानो असे मुक्काम टाकून केला तर गावं बघून होतात. प्रत्यक्ष लेरोइकात उतरायचं असेल तर सायकल 1987 च्या आधीची लागते. गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या नळीवर, पायडलला पट्ट्यांचे पिंजरे, ब्रेकच्या वायरी हँडलबाहेरून वळलेल्या. दिसायला देखणी, पण तिच्यावर हलका गिअर बहुधा 42 ला 24. एका फेऱ्यात 3.7 मीटर. मिनिटाला साठ फेरे टिकवायचे तर तासाला तेरा किलोमीटरच्या वेगाने चढायला हवं, आणि पंधरा टक्क्यांवर ते व्यावसायिक खेळाडूंचं काम. म्हणून तिथे चढावर शेकडो माणसं सायकल हातात धरून चालत असतात, आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही.

टायरबद्दल मतं फार. माझं सरळ आहे: डांबरीच चालवायचं असेल तर 28 मिलिमीटर पुरे, पण पांढऱ्या रस्त्यांसाठी 32. फ्रेममध्ये बसत असेल तर 35 सुद्धा, त्याने काही बिघडत नाही. हवा कमी ठेवावी. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाला 32 च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे साडेतीन बार दाब, मागे पावणेचारच्या आसपास; आत ट्यूब असेल तर अर्ध्या बारने जास्त, नाहीतर धारदार दगडावर ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबरी रस्त्याच्या सवयीने सहा-सात बार हवा ठोकून आलेला माणूस पांढऱ्या रस्त्यावर पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. त्याचं मागचं चाक चढावर जागीच फिरतं आणि उतारावर हँडल हातात थरथरतं. दोन जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप, चेनची एक जोडकडी आणि टायर फाटला तर आतून लावायला जाड प्लॅस्टिकचा किंवा जुन्या टायरचा बोटभर तुकडा, एवढं खिशात हवं. गावात सायकलचं दुकान असेलच असं नाही, आणि असलं तर दुपारी बंद.

चढावर उभं राहून पायडल मारू नये. वजन पुढे गेलं की मागचं चाक घसरतं. बसून राहावं, कोपर वाकवून छाती खाली आणावी, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही आणि मागचं पकड सोडत नाही. उतारावर नजर चाकापुढे नको, पंधरा-वीस मीटर पुढे हवी. गाड्यांच्या चाकांनी दाबलेले दोन पट्टे घट्ट असतात, मधला आणि कडेचा भाग सुटी खडी. आपला पट्टा धरून राहावं आणि पट्टा बदलायचा असेल तर सरळ भागात, सावकाश. वळणाआधी ब्रेक संपलेला हवा; वळणात पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक कडेला निघून जातं आणि सावरायला वेळ मिळत नाही. तीव्र उतारांवर, विशेषतः वळणाच्या तोंडाशी जिथे सगळ्या गाड्या ब्रेक मारतात, तिथे रस्त्याला पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. त्यांवर ब्रेक चालत नाही, कारण चाक निम्मा वेळ हवेत असतं. लाटा सुरू होण्याआधी वेग उतरवायचा, लाटांवर पकड सैल ठेवायची, सीटवरून किंचित उचलून घ्यायचं.

इथे भारतातून गेलेल्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी, सपाटीवर तपासावी. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताचा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. इटलीत मिळणाऱ्या सायकलींना बहुतेक वेळा डावा लिव्हर पुढचा, उजवा मागचा. डांबरी रस्त्यावर हा फरक कळतही नाही. घाबरलेला माणूस मात्र विचार करत नाही, हात सवयीने चालतात. आणि खडीच्या उतारावर मागचा समजून पुढचा ब्रेक जोरात दाबला की गालफाडाला खडी लागलीच म्हणून समजा. दुकानात सांगून वायरी उलट करून घेता येतात; डिस्क ब्रेकला जास्त खटाटोप असतो, पण आदल्या दिवशी कळवलं तर बरेच जण करून देतात. पायडल आणि बूट स्वतःचे न्यावेत. डाव्या पायडलची आटी उलटी असते, हे घाईत विसरून मळसूत्र मारणारे दरवर्षी निघतात.

बाजूचाही तसाच घोळ. गर्दीच्या रस्त्यावर उजवीकडून चालवायचं हे लक्षात राहतं, कारण समोरून गाड्या येत असतात. चूक होते ती निर्जन पांढऱ्या रस्त्यावर, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना. मधली रेषा नाही, दुसरं कुणी नाही, आणि माणूस नकळत डावीकडे लागतो. पुढच्या आंधळ्या वळणावर द्राक्षमळ्याचा ट्रॅक्टर येतो.

आणि पाऊस. चुनखडीचा रस्ता ओला झाला तरी चालवता येतो. क्रेते सेनेसीत, म्हणजे सिएनाच्या आग्नेयेच्या चिकणमातीच्या प्रदेशात, गोष्ट वेगळी. ती करडी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटते, फ्रेमच्या काट्यात भरते आणि चाक चक्क फिरायचं थांबतं. 2010 च्या जिरो दितालिया या इटलीभरच्या शर्यतीत कारारा ते मोंताल्चिनो हा टप्पा मुसळधार पावसात झाला. विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला कॅडेल इव्हान्स जिंकला, पण जर्सीवर चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. ते खेळाडू, मागून गाडीत दुसरी सायकल होती. आपण रात्रीच्या पावसानंतर सकाळी कच्चे टप्पे सोडून डांबरीवर राहावं. कोरडं ऊन आणि वारा मिळाला तर दुसऱ्या दिवशी माती पुन्हा घट्ट होते.

खरं तर डांबरीवरच जास्त सावध राहायला हवं, हे कुणाला पटत नाही. या रस्त्यांच्याच नावाने होणाऱ्या स्त्रादे बिआंके शर्यतीत 2025 साली व्यावसायिक सायकलपटू तादेय पोगाचार पडला, तो पांढऱ्या रस्त्यावर नाही, डांबरी उतारावरच्या वळणावर. अंग खरचटलेलं घेऊन तो पुढे जिंकला, हा भाग वेगळा. पांढऱ्या टप्प्यावरून डांबरीवर आलं की टायरला चिकटलेली भुकटी पहिली काही वळणं पकड कमी करते, आणि फाट्यांवर गाड्यांनी ओढून आणलेली खडी डांबरावर पसरलेली असते. मनाला मात्र वाटतं, संपलं अवघड, आता सोडा ब्रेक.

किआंतीतल्या मुख्य रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो स्वतःच बोलतो. फ्लोरेन्सहून ग्रेवे, पांत्सानो, कास्तेल्लिना करत सिएनाला जाणारा 222 क्रमांकाचा रस्ता सुमारे सत्तर किलोमीटर, गुळगुळीत, वळणांचा. ग्रेवेपासून पांत्सानोचा चढ सहा-सात किलोमीटरचा, सौम्य. पुढे पेसा नदीपर्यंत उतार आणि मग कास्तेल्लिनापर्यंत पुन्हा चढ. कास्तेल्लिनात तटबंदीला लागून एक छत असलेली बोळ आहे, भर उन्हात तिथे दहा अंश कमी वाटतं. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारसायकलींचा सुळसुळाट असतो. मधल्या वारी जावं. पुढे फोन्तेरुतोली लागतं. सिएना आणि फ्लोरेन्सने सरहद्द ठरवण्यासाठी कोंबडा आरवताच एकेक घोडेस्वार सोडला, फ्लोरेन्सवाल्यांचा काळा कोंबडा उपाशी होता म्हणून पहाटेआधीच ओरडला, आणि स्वार सिएनाच्या इतके जवळ पोचले की भेट इथेच झाली, अशी दंतकथा. किआंती क्लासिको वाइनच्या बाटलीवरचा काळा कोंबडा तोच. कथा खरी असो वा नसो, लवकर निघणाऱ्याचा फायदा होतो हे इथे उन्हाळ्यात सायकल चालवणाऱ्याला पटवावं लागत नाही.

ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याने मात्र किआंती सोडून क्रेतेत जावं. सिएनाच्या दक्षिणेला ताव्हेर्ने दार्बियापासून 438 क्रमांकाचा लाउरेताना रस्ता अशानोकडे निघतो. डांबरी, अरुंद, जवळजवळ सगळा धारेवरून. दोन्ही बाजूंना उघड्याबोडक्या टेकड्या, झाडं मोजकी, घरं त्याहून मोजकी. मातीत समुद्राच्या तळाचा क्षार आहे म्हणून झाड तग धरत नाही. पावसाने कापलेल्या घळया आणि पांढरट घुमट मात्र जागोजागी. एप्रिल-मेमध्ये गहू हिरवा असतो, जूनअखेर सोनेरी, आणि ऑगस्टनंतर नांगरलं की सगळा मुलूख राखाडी. तिन्ही रूपं बघण्यासारखी, पण मधल्या रूपात पारा पस्तीसच्या पुढे जातो आणि वीस किलोमीटर सावलीचा टिपूस नाही. सिएना सोडतानाच दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घ्याव्यात.

अशानोत पाणी, बार (इथे बार म्हणजे कॉफी-नाश्त्याची जागा), दुकान सगळं आहे. तिथून 451 क्रमांकाचा रस्ता क्युसुरे नावाच्या वाडीकडे चढतो, दोनशे मीटरची चढाई, शेवटी तीव्र. वरून घळयांचा सगळा पसारा दिसतो. लगेच खाली सायप्रसच्या झाडीत मोंते ओलिव्हेतो माज्जोरेचा मठ. 1313 साली सिएनाच्या बेर्नार्दो तोलोमेईने शहर सोडून या ओसाडीत तो सुरू केला. मोठ्या अंगणाच्या ओवऱ्यांत सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. मठ दुपारी बंद असतो, म्हणून बाराच्या आत पोचण्याच्या हिशेबाने निघावं. आत जायचं तर खांदे झाकणारं काहीतरी बरोबर असावं. सायकलची तंग चड्डी चालते की नाही हे दारावरच्या माणसावर अवलंबून. तिथून नऊ-दहा किलोमीटरचा सुंदर उतार बुओनकोनव्हेंतोला, विटांच्या तटबंदीचं गाव. त्याच 1313 साली पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री इथे मेला. परत जाताना सिएनाकडचा कास्सिया रस्ता टाळावा. ट्रकांची वर्दळ सतत. बुओनकोनव्हेंतोला रेल्वे स्टेशन आहे. सायकलचं वेगळं तिकीट काढून लोकल गाडीने परतावं. फेऱ्या कमी असतात आणि कधी कधी गाडीऐवजी बस सोडतात, जिच्यात सायकल घेतीलच असं नाही, तेव्हा सकाळीच वेळापत्रक पाहून ठेवलेलं बरं.

व्हाल दोर्चा या दक्षिणेकडच्या दरीची कीर्ती फोटोंमुळे झाली आणि गर्दीही. पिएंत्सा ते सान क्विरिको हा दहा किलोमीटरचा रस्ता सकाळी आठच्या आधी करावा. नंतर दर दोनशे मीटरवर गाडी थांबवून कुणीतरी फोटो काढत असतं, तेही वळणावर. पिएंत्सा हे पोप दुसऱ्या पायसने 1459 पासून आपल्या जन्मगावाचं नव्याने बांधून घेतलेलं आदर्श नगर. दोन गल्ल्या आणि एक चौक, अर्ध्या तासात बघून होतं. जवळच्या मोन्तिक्किएल्लोचा सायप्रसच्या वळणांचा चढ मात्र फोटोपेक्षा सायकलवरून जास्त चांगला लागतो. बान्यो व्हिन्योनीत चौकाच्या जागी गरम पाण्याचं तळं आहे. त्यात पाय घालायला बंदी. खालच्या बाजूला वाहून जाणाऱ्या ओहोळात घालता येतात.

खाण्याच्या वेळा पाळल्या नाहीत तर हा प्रदेश उपाशी ठेवतो. किराण्याची दुकानं एकला मिटतात, चार-साडेचारला उघडतात. स्वयंपाकघर साडेबारा ते अडीच. पावणेतीनला पोचलेल्याला कितीही पैसे दाखवले तरी जेवण नाही. रात्री साडेसातच्या आधी नाही. बार मात्र सकाळी सातपासून उघडा, आणि तोच सायकलवाल्याचा आधार. आठवड्यातला सुटीचा वार दारावर लिहिलेला असतो. छोट्या गावात एकच बार आणि त्याची आज सुटी, हा योग नेमका तहानेच्या वेळी येतो. चौकातल्या नळावर पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरावी. गावाबाहेरच्या दफनभूमीतही झाडांना घालण्यासाठी नळ असतो, आणि इटालियन सायकलवाले पाटी बघून तिथे बिनदिक्कत थांबतात.

टस्कनीच्या पावात मीठ नसतं. अजिबात नसतं. जेवणात त्याचं काही वाटत नाही, पण लिटरभर घामाबरोबर अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं, आणि दिवसभर बिनमिठाच्या पावावर राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्यांत चौथ्या तासाला गोळे येतात. दोष चढाला दिला जातो. म्हणून पावाबरोबर पेकोरिनो चीज किंवा इथलं खारवलेलं डुकराचं मांस घ्यावं. तेवढ्यासाठीच ते जास्त खारट करतात असं वाटावं. शाकाहाऱ्यांना ऑलिव्ह पुरतात. खिशात ठेवायला सिएनाचं पान्फोर्ते, सुकामेवा आणि मधाची घट्ट वडी. उन्हात वितळत नाही आणि महागड्या जेलपेक्षा पोटाला सुखाची.

बाकीचं थोडक्यात. घंटी कायद्याने हवी. गावाबाहेर एकामागे एक चालवायचं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं, बोगद्यात दिवसाही. फोनवरच्या नकाशाने सिएना-फ्लोरेन्स चौपदरी रस्ता सुचवला तर ऐकू नये. तिथे सायकलींना बंदी आहे. क्रेतेत मेंढ्यांचे कळप दिसले की पांढरी मारेम्मा कुत्री जवळपास असतातच. ती पाळलेली नाहीत, राखणीला लावलेली आहेत. पळू नये, उतरावं, सायकल मध्ये धरून कळपाला वळसा घालून सावकाश चालत जावं. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम. जंगलातून जाणारे कच्चे रस्ते मंगळवार-शुक्रवारी करावेत, त्या दोन दिवशी इटलीभर शिकारीला बंदी असते.

सिएनात शिरण्याचा शेवटचा तुकडा स्त्रादे बिआंके शर्यतीच्याच वाटेने करायचा मोह होतो. फोन्तेब्रांदाच्या दरवाजातून आत, मग व्हिया सान्ता कातेरिना, पाचेकशे मीटर, सोळा टक्क्यांपर्यंत, दगडी फरशी. कोरड्यात जमतं. भर दुपारी तिथे पायी पर्यटकांची इतकी दाटी असते की चढापेक्षा त्यांना चुकवण्यातच तोल जातो. सकाळी सातला जावं. ओल्या फरशीवर सरळ उतरून चालावं, कारण तिथे मागचं चाक फिरलं की पाय टेकवायलाही पकड नाही. 2 जुलै आणि 16 ऑगस्टच्या आगेमागे, पालिओ या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवसांत, तिकडे फिरकूच नये. चौकात घोड्यांसाठी माती पसरलेली असते, रस्ते अडवलेले असतात आणि खोल्यांचे भाव दुप्पट.

सायकल परत देण्याआधी धुवावी, नुसती पुसू नये. ती पांढरी भुकटी तेलात मिसळली की चेन आणि गिअरचे दाते घासत राहते. रिम ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतून रिमवर चरे पाडते. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून पातळ तेलाचे मोजके थेंब, आणि दर दोन दिवसांनी पॅड काढून त्यातले खडे सुईने उपसणं, एवढं केलं तर दुकानदार अनामत रक्कम पूर्ण परत देतो.